युनेस्कोने वर्गातल्या टॅबवर बंदी घातलेली नाही

कोथरूडच्या आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कालपासून एक मजकूर फिरतोय: ‘युनेस्कोची शाळेतल्या मोबाईल-टॅबवर बंदी, स्वीडनने सगळे संगणक वर्गाबाहेर काढले.’ त्यावरून शाळेतला प्रोजेक्टरही हटवा, अशी मागणी सुरू झाली आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

मुळात युनेस्कोला कुठल्याही देशातल्या शाळांवर बंदी घालण्याचा अधिकारच नाही. जुलै २०२३ मध्ये तिचा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा जागतिक अहवाल आला. चारपैकी एकाहून कमी देशांनी शाळेत स्मार्टफोनला मनाई केली आहे, अशी त्यात नोंद होती. फोनमुळे लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासात मन लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो, हेही त्यात आहे, आणि ते आपण गांभीर्याने घ्यायलाच हवं. पण अहवालाचा रोख साधन कसं वापरतो यावर आहे: त्याने शिकणं सुधारतं का, सगळ्या मुलांपर्यंत ते पोचतं का, शिक्षकाची जागा तर ते घेत नाही ना.

स्वीडनचं म्हणाल, तर तिथल्या सरकारने २०२३ साठी शाळांच्या छापील पुस्तकांना ६८.५ कोटी क्रोनर दिले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती उठवायचं ठरवलं. सक्ती उठवणं वेगळं, संगणक काढून टाकणं वेगळं.

आपल्याकडे बालभारतीची पुस्तकं आजही छापली जातात, शिवाय पीडीएफ रूपात मोफत मिळतात. जलचक्र शिकवताना बाई पाच मिनिटांची चित्रफीत दाखवतात आणि मग वही उघडायला लावतात. त्यावर या अहवालाचा काहीच आक्षेप नाही. तो मजकूर तुम्ही पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याच गटावर हा खुलासाही टाका.