खुलासा : पीएचडी नसली तर संशोधन निधी मिळत नाही, हे खरे नाही

निवासी डॉक्टरांमध्ये एक मेसेज फिरतो आहे : पीएचडी आणि शोधनिबंधांची यादी नसेल तर निधीसाठी अर्जच करू नका. हे चूक आहे. अशा मेसेजमुळे चांगले प्रश्न कागदावर उतरायच्या आधीच सोडून दिले जातात, याचे फार वाईट वाटते.

एनआयएच ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था. रुग्णांवर संशोधन करू पाहणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी तिचे के२३ नावाचे अनुदान आहे, त्याला वैद्यकीय पदवी पुरते. प्रशिक्षण चालू असतानाही अर्ज करता येतो. अनुदान मिळेपर्यंत ते संपलेले असले म्हणजे झाले. अमेरिकेच्या नागरिकत्वाची किंवा तिथल्या कायम वास्तव्याची अट मात्र आहे. शिवाय विशेषज्ञांच्या अनेक संघटना प्रशिक्षणार्थींसाठी छोटी अनुदाने राखून ठेवतात. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८१ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत जठरातील जिवाणूंवर काम सुरू केले, तेव्हा मार्शल प्रशिक्षणातच होते. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

अनुभवी मार्गदर्शक मात्र हवाच. आणि खर्चाचा तक्ता नीट करा. ‘इतर खर्च’ अशी मोघम ओळ नको. रुग्ण किती, प्रत्येकाच्या चाचण्या किती, एका किटमध्ये नमुने किती बसतात, संख्याशास्त्रज्ञाचे तास किती, हे लिहा. नैतिकता समितीच्या मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज लवकर टाका.