आता उघडलंच आहे तर

ट्रकचे इंजिन दुरुस्तीला आले आहे, ही बातमी मालकाच्या आधी गावाला कळते. माझा ट्रक जांभ्याचे चिरे भरून रत्नागिरीजवळचा निवळीचा घाट चढू लागला की मागच्या एसटीतले प्रवासी खिडक्या लावून घेत, आणि वरच्या चहाच्या टपरीवर धुराच्या रंगावरून निदान सुरू होई. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर सिलिंडरात पाणी उतरते आहे, एवढे ज्ञान आमच्याकडे सायकलवाल्यालाही असते. माझा धूर निळा आहे यावर एकमत झाले. हे निदान फुकट मिळाले, हे मुद्दाम नोंदवतो; कारण पुढच्या सबंध प्रकरणात फुकट असे दुसरे काहीच मिळाले नाही.

इंजिन टाटांचे 697. सिलिंडर सहा आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, म्हणून 697. इतकी सरळ नावे अलीकडे माणसांचीही ठेवत नाहीत. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवण्याचा करार केला, तो 1969 साली संपला, पण त्या घराण्याचे वळण या इंजिनात अजून दिसते. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. आंब्याच्या झाडाखाली पोते अंथरून कोणताही मिस्त्री ते उघडू शकतो. हा त्याचा मोठा गुण समजला जातो. माझ्या मते मालकाचा घात याच गुणाने होतो, कारण जे सहज उघडत नाही ते उघडण्यापूर्वी माणूस निदान एक रात्र विचार तरी करतो.

खाण पावसाळ्यात बंद असते, म्हणून काम पावसाळ्यावर ठेवले होते. काजूबीचे पैसे आणि भिशीचा लागलेला नंबर एवढ्यावर बेत आखला होता: पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह घासायचे, हेडचे म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे गॅस्केट नवे घालायचे आणि इंजिनाच्या बाकीच्या अवयवांकडे पाहायचेसुद्धा नाही. हेड उतरल्यावर मिस्त्रींनी माझे बोट धरून पहिल्या लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या, आतून वरच्या कडेकडे फिरवले. नख अडकले. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे लायनर झिजून आत गेला होता आणि त्याच्या वरचा न झिजलेला पट्टा कंगोरा होऊन उभा राहिला होता. उष्णता आणि दाब तिथे सर्वांत जास्त, ऑइल सर्वांत कमी, आणि हवेबरोबर आलेली धूळही आधी तिथेच पोहोचते. खाणीतल्या तांबड्या धुळीने एअर क्लीनरमधल्या ऑइलचा चिखल केला की पुढची धूळ सरळ इंजिनात जाते आणि तिथल्या ऑइलशी मिसळून घासायची पेस्ट होते. व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट मी डबीने विकत आणणार होतो, ती सहाही सिलिंडरांत वर्षानुवर्षे आपोआप तयार होत होती.

“शेठ,” मिस्त्री म्हणाले, “आता उघडलंच आहे तर लायनर टाकून घेऊ.” एरवी ते मला भाऊ म्हणतात. शेठ म्हटले की मागून आकडा येतो.

नव्या लायनरमध्ये जुना पिस्टन चालत नाही. पिस्टन नवा म्हणजे त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन नवी, पिन नवी म्हणजे रॉडचा बुश नवा, आणि रॉड हातात आलेलाच आहे तर त्याची बेअरिंगे तेवढी जुनी कशाला? लग्नात नवऱ्या मुलाला पोशाख केला की मानपानाची यादी मामापासून करवलीपर्यंत उतरत जाते, तसे हे प्रकरण वरून खाली सरकत क्रँकपर्यंत, म्हणजे सगळे पिस्टन मिळून जो दांडा फिरवतात तिथपर्यंत, पोहोचले. आणि क्रँक दिसलेल्या मिस्त्रीला गप्प बसवणे कोणत्याही मालकाच्या हातात नसते.

क्रँक ग्राइंडिंगला आंबा घाटाने कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला. या धंद्यात क्रँकची मापे दहा, वीस, तीस, चाळीस अशी बोलतात. ती एक इंचाच्या हजाराव्या भागात असतात. दर खेपेला क्रँक घासून थोडा बारीक होतो आणि बेअरिंग तेवढे जाड घ्यावे लागते. माझा क्रँक आधीच दहावर होता. ग्राइंडरवाला म्हणाला, “तीसवर जाईल.” “वीसमध्ये नाही का बसणार?” मी आठवड्याच्या बाजारातल्या सुरात विचारले. त्याने शांतपणे मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. त्या उपकरणाशी घासाघीस करून पाहा असे मी कोणालाही सुचवणार नाही.

घासून आलेल्या क्रँकला आमच्या खाऱ्या हवेत एका रात्रीतही गंज धरू शकतो, आणि तो आडवा ठेवला तर वाकतो असे मिस्त्रींचे ठाम मत असल्याने, शेडचा पत्रा गळत असताना तो ग्रीस फासून, प्लास्टिकात गुंडाळून आमच्या माजघरात कोपऱ्यात उभा राहिला. तेवढ्यात गणपती आले. गणपतीत कोकणात इंजिन काय, न्यायालयाचे कामही पुढे सरकत नाही. मिस्त्री आपल्या घरी, त्यांचा पोरगा आरत्यांना, आणि गणपतीसाठी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना क्रँक म्हणजे काय ते समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे. एका आत्याने तर प्लास्टिक बाजूला करून त्याला हळदकुंकू वाहिले. तिच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण सणानंतर ऑइलची बारीक भोके तारेने आणि हवेने साफ करताना मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तो नव्हता.

काटकसर कुठे करायची याचेही शास्त्र आहे. रंग, पत्रा, नवे नट यांत ती करावी. सगळे भाग मीच डिझेलने धुतले आणि मजुरी वाचवली. बेअरिंग आणि गॅस्केट यांत मात्र करू नये, कारण तिथे वाचलेले पैसे पुढच्या घाटात टोइंगवाल्याला द्यावे लागतात. फ्युएल पंपाचे कॅलिब्रेशन पुढच्या वर्षावर ढकलले आणि डिझेल फवारणारे नोझल तेवढे तपासून घेतले. 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला डिझेल इंजिन यशस्वी करून दाखवणारा रुडॉल्फ डिझेल 1913 च्या सप्टेंबरात इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला आणि मागाहून कळले की तो कर्जात बुडालेला होता. म्हणजे हा रोग मूळ पुरुषापासूनचा आहे. ही माहिती मी घरी सांगितलेली नाही.

हेडमध्ये व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचे आणि खालून पाझरते का ते पाहायचे, ही परीक्षा भर पावसात झाली. एका व्हॉल्व्हखाली थेंब दिसला. मिस्त्रींनी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “पत्र्याचं आहे.” तो निकाल ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा पोराच्या दहावीच्या निकालाने झाला नव्हता.

सुरू करण्याच्या दिवशी हातपंप मारून डिझेलच्या नळीतली एअर काढली. सैल केलेल्या नटातून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. नट आवळून स्टार्टर मारला, तेव्हा इंजिनाने पांढरा धूर ओकला, दोनदा दचकले आणि चालू लागले. ऑइल प्रेशरचा काटा वर गेला. रिंगा बसेपर्यंत भार अर्धाच न्यायचा, असे मिस्त्रींनी बजावले. खाणवाल्याला अर्धा भार ही कल्पना कशी समजावायची ते सांगितले नाही.

मोकळ्या गाडीने हातखंब्यापर्यंत जाऊन येऊ म्हणून निघालो. धूर नाही, ठोका नाही, चढावर तिसरा गिअर टिकला. आणि त्या शांततेत पायाखालून एक बारीक, सलग किणकिण ऐकू आली. मी मिस्त्रींकडे पाहिले.

“गिअरबॉक्स,” ते म्हणाले. “तो आवाज पहिल्यापासूनच होता, शेठ. इंजिनापुढे ऐकू येत नव्हता.”