आशाताई नंबर वन, पण कुणाच्या जिवावर?

वाद पेटवला पक्याने. कॉर्नरशॉप ह्या इंग्लिश बँडचं, आशा भोसलेंवरचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' लावलं आणि वर म्हणतो, "ब्रिटपॉपमधलं, म्हणजे नव्वदच्या ब्रिटिश गिटार-बँडांच्या लाटेतलं, सगळ्यात भारी गाणं. आपल्या सांगलीच्या बाईवर, आणि तेही इंग्लंडात नंबर वन!"

"ब्रिटपॉप?" मंदार उसळलाच. "ओअ‍ॅसिस म्हण, ब्लर म्हण, पल्प म्हण. कॉर्नरशॉपला त्या पंगतीत बसवलं कुणी? तिकडे ओअ‍ॅसिसच्या नोएल गॅलाघरच्या गिटारवर युनियन जॅक, स्पाइस गर्ल्सच्या गेरी हॅलिवेलच्या ड्रेसवर युनियन जॅक. आणि मॉरिसी ह्या इंग्लिश गायकाने १९९२ साली स्टेजवर तोच झेंडा फडकवला, त्यावरून कॉर्नरशॉपवाल्यांनी त्याचं पोस्टर जाळलं होतं. बँडचं नाव तरी बघ! आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हा टोमणाच उचलून पाटी केलीये."

"म्हणजे गिटारचा बँड, नव्वदचं दशक, इंग्लंड, तरी ब्रिटपॉप नाही? झेंडा नाही म्हणून?"

"झेंडा राहू दे," शिल्पा मध्ये पडली. "आधी चार्ट बघा. ऑगस्ट १९९७ ला सिंगल आलं आणि साठाव्या नंबरवर गार पडलं. मग डीजे नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, त्याचा वेग वाढवला, सूर वर चढवला, खाली दणदणीत ड्रम टाकले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं पहिलं. टायटॅनिकवाल्या सेलीन डिऑनला खाली ढकलून! एकच आठवडा, पुढच्याच आठवड्यात मॅडोना आली. लोक नाचले ते कुकच्या ठेक्यावर."

मंदारला हेच हवं होतं. पण पक्यानेही हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता: बीबीसी रेडिओवरच्या डीजे जॉन पीलच्या श्रोत्यांनी १९९७ च्या वर्षाखेरीच्या यादीत हेच गाणं पहिलं ठेवलं होतं. तेव्हा रिमिक्स बाजारात यायचं होतं.

ह्यावर मंदार जरा गप्प झाला. आमच्या कट्ट्यावर ही दुर्मीळ गोष्ट.

माझं मत पक्याच्या बाजूने. मूळ गाणं संथ आहे, दोन-तीन कॉर्डवर रेंगाळतं, आणि बँडचा गायक तजिंदर सिंग दुपारी जेवून पडल्यासारखा गातो. पण म्हणून तर शब्द कानात शिरतात. लता येते, रफी येतो, ऑल इंडिया रेडिओ येतो, आणि त्याच दमात रेगेच्या तबकड्या काढणारी ट्रोजन रेकॉर्ड्स आणि इंग्लिश रॉक गायक मार्क बोलानही. एका ओळीत तर सरकारी इशारे, साध्या राहणीचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणं ह्यांची आम्हाला पर्वा नाही, असं सरळ सांगून टाकलंय. नेहरूंच्या भारतावरचा हा शेरा ब्रिटनच्या डिस्कोत किती जणांनी ऐकला असेल, देव जाणे.

इतका वेळ नाना नुसते ऐकत होते. आता म्हणाले, "सगळं ठीक, पण बाईंचा आवाज कुठाय ह्यात? एक हरकत नाही, एक तान नाही. गाण्यात पंचेचाळीसच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, तबकडीचं कौतुक आणि तबकडी वाजतच नाही!"

"नाना, तुम्ही उलटं बघताय," शिल्पा म्हणाली. "पडद्यावर ओठ हलवते दुसरीच, आणि गाणारी कायम पडद्यामागे. इथे नटीचं नावसुद्धा नाही, गाणारीचंच आहे. विलायतेतली पोरं आशा आशा ओरडत होती, अजून काय हवं?"

"ओरडत होती, पण कोण आशा ते ठाऊक होतं का?"

"काहींना नसेल. काहींनी नंतर शोधलं असेल."

नाना काही पटल्यासारखे दिसले नाहीत, आणि मला त्यांचा मुद्दा अजून पुरता खोडता येत नाही.

मंदारने मात्र संधी साधली. "मग गाण्यात एवढा दम होता तर पुढचं सिंगल का नाही वर गेलं? 'स्लीप ऑन द लेफ्ट साइड' तेविसाव्यावर अडकलं. कुक गेला, नंबर गेला!"

"अरे, साठावरून तेवीस," पक्या म्हणाला. "कुकशिवाय. बढतीच आहे की!"