रेफर करा म्हणता, मग उत्तरही द्या

आज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एचआरचं पोस्टर आलं. ‘तुमच्या ओळखीतली चांगली माणसं आणा, या तिमाहीत रेफरल बोनस दुप्पट!’ खाली धडाधड अंगठे पडले. माझं मात्र तेव्हा जे डोकं फिरलंय ते अजून जागेवर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी एक जुनी सहकारी आहे. नाव सांगत नाही. आधीच्या कंपनीत माझ्या टीममध्ये टेस्टिंग करायची. रिलीजच्या आदल्या रात्री आम्ही सगळे घरी जायच्या घाईत असताना ही एकटी बसून राहिली आणि तिनं शोधून काढलं की नेट मध्येच गेलं तर एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जातात. तसंच लाइव्ह गेलं असतं तर आमची धडगत नव्हती. पुढे तिची आई अंथरुणाला खिळली, म्हणून नोकरी सोडून ती बार्शीला गेली. आई गेल्यावर पुण्याला परत आली, तर रेझ्युमेत गॅप. अर्ज करकरून थकली, कुणी साधा फोन करेना.

रेफरल असतं ते याचसाठी ना? तिचा गॅप सगळ्या जगाला दिसतो. ती रात्र मला माहीत आहे. म्हणून मीच तिला म्हटलं, “पाठव रेझ्युमे, मी टाकते.” पोर्टलवरचे सगळे रकाने मन लावून भरले. दोन राउंड झाले. मॅनेजर स्वतः कॅन्टीनमध्ये मला म्हणाला, “मुलगी भारी आहे हं.”

त्यानंतर काही नाही. पोर्टलवर ‘अंडर रिव्ह्यू’. मेलला उत्तर नाही. जागेवर जाऊन विचारलं तर “पोझिशन होल्डवर आहे, कळवतो.” आणि तीच पोझिशन काही दिवसांनी लिंक्डइनवर पुन्हा झळकली! तिचे मेसेज यायचे, “ताई, काही कळलं का?” हळूहळू तेही थांबले. कंपनीचं यात काय गेलं? शब्द माझा गेला.

आणि आता बोनस दुप्पट. अरे, पैशासाठी केलं होतं का मी हे? तो बोनस तरी कधी मिळतो, तर माणूस जॉइन होऊन तीन महिने, कुठे सहा महिने टिकल्यावर, तोही पगारात धरून टॅक्स कापून. कन्सल्टन्सीतून माणूस घेतला की तिला वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याचा अख्खा पगार मोजायचा हा आपल्याकडचा नेहमीचा दर. तिथे कंपन्या कुरकुरत नाहीत. शिवाय कन्सल्टन्सीतून आलेला उमेदवार ९० दिवसांच्या नोटिस पिरियडमध्ये आपली ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसतो. मी आणलेली मुलगी तसं करणार नाही. तिला माझ्याशी उद्याही बोलायचं आहे.

दुप्पट केल्यानं होणार काय ते मी आजच सांगते. लिंक्डइनवर ‘सर, प्लीज रेफर मी’ म्हणणाऱ्या अनोळखी पोरांचे रेझ्युमे लोक डोळे मिटून पोर्टलवर ओततील. लागला तर मटका. त्या पोरांनाही मी नावं ठेवत नाही, बिचारी कुठे कुठे हात मारणार? पण त्या ढिगाऱ्यात ‘या माणसाबरोबर मी काम केलंय’ असं सांगणारी खरी शिफारस गाडली जाते. एचआरमधल्या त्या मुलीवरही खरं तर माझा राग नाही. एकटीच्या डोक्यावर पोझिशन्सचा डोंगर, त्यात हा नवा ढीग. तिच्या हाताखाली अजून एक माणूस द्या, बोनस आहे तेवढाच राहू द्या.

ओळखीनं भरती म्हणजे त्याच कॉलेजची, त्याच आडनावांची माणसं आत, हे कुणी तरी म्हणेलच. खोटं नाही ते. गिरणगावात जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम, आपल्याच गावाकडची माणसं लावायचा, वर दस्तुरी, म्हणजे नोकरी लावल्याचे पैसे, उकळायचा. शेवटी १९३५ मध्ये गिरणीमालकांनाच बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या, कामगारांसाठी नियम करावे लागले, तेव्हा जॉबरच्या हाताला जरा लगाम बसला. मग आताही नियम करा ना! माझी शिफारस आली म्हणून तिला सूट नकोच होती. राउंड तिनं स्वतःच्या हिमतीवर काढले. मला फक्त ठरलेल्या मुदतीत उत्तर हवं होतं. घेतलं, नाही घेतलं, पोझिशन बंद झाली, एक ओळ. आणि रेफर करणाऱ्याला फोन करून कुणी तरी विचारावं, “तुम्ही हिचं काम पाहिलंय, काय पाहिलंत?” मला हा प्रश्न कुणीच विचारला नाही. विचारला असता तर त्या रात्रीची गोष्ट सांगितली असती.

ते पोस्टर मी पुढे पाठवणार नाही. पण ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या टीममध्ये मॅन्युअल आणि एपीआय टेस्टिंगची जागा असेल, पुण्यात किंवा घरून, तर मला इनबॉक्स करा. रेझ्युमे तिला विचारून लगेच पाठवते, हवं तर तिच्या कामाबद्दल तासभर बोलते. एकच अट आहे, हो असो की नाही, तिला आठवडाभरात कळवायचं.