राजम्याचं मूळ खोल म्हणून वाण भारी? अर्धंच खरं

रब्बीच्या तोंडावर विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "राजम्याचं मूळ जितकं खोल, तितकं वाण भारी. फुलोऱ्यात झाडं उपटून पाहा, सोटमूळ लांब असेल त्याचंच बियाणं राखा. खत लागणार नाही. द्विदल आहे, युरियाचं तर नावच नको." एकेक मुद्दा पाहू.

"मूळ खोल तर वाण भारी." भारी काळं वावर, ओलिताची सोय नाही, पीक खालच्या ओलीवर काढायचं, तर हे बरोबर. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) गणित मात्र उलटं आहे. स्फुरद पाण्यासोबत वाहत येत नाही. मुळाभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीतलाच काय तो हाती लागतो. त्याचा साठाही बहुतेक वरच्या 15-20 सेंटिमीटरमध्ये, आणि चुनखडीच्या जमिनीत त्याला कॅल्शियमनं जखडलेलं. तिथं कामाला येतात ती सोटमुळाच्या वरच्या टोकाशी वलयांत फुटणारी मुळं. वाणागणिक अशी एक ते चार वलयं असतात, एका वलयात साधारण चार मुळं. ती आडवी पसरली की वरचा थर पिंजून काढतात. मोझांबिकमधल्या कमी स्फुरदाच्या जमिनीतली चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उभी मुळं आणि आखूड केशमुळं (मुळांवरचे बारीक केस) असलेल्या ओळींच्या, म्हणजे वेगवेगळ्या गुणांच्या बियाण्यांच्या, तुलनेत, नुसती पसरट मुळं असलेल्यांची वाढ 58 टक्के जास्त भरली, नुसती लांब केशमुळं असलेल्यांची 89 टक्के, आणि दोन्ही गुण एकत्र असलेल्यांची तब्बल 298 टक्के. पैदासकार म्हणूनच सोटमूळ खोल आणि वलयमुळं पसरट असा जोडगुण शोधतात.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, तर नुसतं खोल मूळ अंगाशीच येतं. राजमा क्षाराला फार नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता (मातीतल्या क्षाराचं माप) 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं. मूळ खाली जाऊन पोचणार ते खाऱ्या, चोपण थरात.

"उपटून पाहा." उपटलेल्या झाडासोबत सोटमुळाचा तुकडा येतो, बाकी सगळं मातीत राहतं. आदल्या दिवशी बेताचं ओलवा, कारण काळी माती कोरडी असली तर ढेकळासोबत मूळ तुटतं आणि चिखल झाला तर निघतच नाही. खोडापासून 20 सेंटिमीटरवर चारी बाजूंनी फावडं 25 सेंटिमीटर खोल घाला, गड्डा अख्खा उचला, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकलेल्या पाण्यात भिजत ठेवा, माती सुटली की हलक्या धारेखाली धुवा. मग वलयं मोजा, कोनमापकानं मुळांचा जमिनीच्या पातळीशी कोन घ्या, खोडाच्या गाडलेल्या भागावरची आगंतुक मुळं मोजा. मूळकुजीनं सोटमूळ गेलं तर झाड याच आगंतुक मुळांवर तगतं. बुडाशी मातीची भर लावली की ती वाढतात. एका वाणाची चार-पाच झाडं तरी वेगवेगळ्या जागची घ्या. डवऱ्याच्या (कोळपणीच्या अवजाराच्या) फासेत तुटलेली मुळं "आखूड" म्हणून धरू नका, ही चूक सर्रास होते.

वलयं मोजायला वावराचीही गरज नाही. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी रुजवलं की तीन-चार दिवसांत ती दिसतात.

"द्विदल आहे, युरिया नको." हे हरभऱ्याला चालेल. आपल्याकडच्या जमिनीत राजम्याच्या मुळांवर कामाच्या, म्हणजे हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या, गाठी नीट धरत नाहीत, म्हणून त्याला हेक्टरी 90 ते 120 किलो नत्राची शिफारस आहे. अर्धं पेरताना, उरलेलं पहिल्या ओलितानंतर. सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं जिवाणू संवर्धन राजम्याच्या बियाण्याला चोळून उपयोग नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. शंका असेल तर खणलेल्या मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तरच ती काम करते.

"त्याचंच बियाणं राखा." फुलोऱ्यात खणलेल्या झाडाला शेंगा कुठून येणार, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. त्याहून मोठी गोची पुढे आहे. राजमा स्वपरागी पीक, म्हणजे फुलाचं परागण त्याच फुलात होतं. शुद्ध वाणाच्या वावरात सगळी झाडं आनुवंशानं जवळपास सारखीच. एकाचं मूळ लांब दिसलं तर ते तिथल्या भुसभुशीत मातीचं, ओलीचं किंवा मोकळ्या जागेचं. त्याचं बी वेगळं ठेवून पुढच्या वर्षी पदरात काहीच पडत नाही. निवड चालते ती वेगवेगळ्या वाणांत, किंवा संकरातून फुटलेल्या ओळींत. एका झाडाचं बी एका ओळीत पेरायचं, ओळीतली काही झाडं खणून मुळं मोजायची, आणि चांगल्या निघालेल्या ओळीतल्या उभ्या झाडांचं बी राखायचं. तेही दोन-तीन हंगाम, आणि जिथं पीक घ्यायचं आहे तसल्याच जमिनीत.