चादर, कंडेन्सर आणि हेडफोन: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

घरच्या रेकॉर्डिंगवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. चादरी लटकवून खोलीचा घुमारा जात नाही. ‘कंडेन्सर माइक (स्टुडिओत वापरतात तो संवेदनशील माइक) खोलीचा घुमारा जास्त पकडतो’ हे खोटं आहे. आणि हेडफोनवर मिक्स करायला, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचा तोल जुळवायला सांगून मी नवख्या पोरांना चुकीच्या वाटेला लावतोय. पहिल्या दोन मुद्द्यांवर चूक माझी आहे. तिसरा मात्र मला मान्य नाही.

चादरीचं आधी. आपल्या सोलापुरात घरोघरी जाड चादरी असतात, म्हणून मी उत्साहात लिहून गेलो. भिंतीला चिकटवलेली चादर फक्त वरच्या पट्टीतली चरचर खाते. दुहेरी करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, तर ती साधारण ३५०-४०० हर्ट्‌झपर्यंत खाली थोडंफार काम करते (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका सूर खालचा). पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १००-१५० हर्ट्‌झच्या आसपास असतो, तिथे तिचा उपयोग नाही. हे मी लिहायला हवं होतं. पण तुम्ही सुचवलेला इंचभर जाडीचा फोमही तिथे काहीच करत नाही, आणि त्याला वेगळे पैसे पडतात. त्यापेक्षा कोपऱ्यात गाद्यांची चळत उभी करा आणि गाणाऱ्याला कोपऱ्यापासून दूर बसवा. बाहेरचा आवाज अडवणं चादरीला जमत नाही आणि फोमलाही नाही. त्याला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं.

आता कंडेन्सर. साखर पेठेतल्या एका मुलाकडे अभंग रेकॉर्ड करायला गेलो होतो. शेजारीच यंत्रमाग. त्याचा कंडेन्सर फूटभर लांब ठेवलेला आणि प्रत्येक ओळीखाली मागाची खडखड. मी माझा डायनॅमिक माइक (स्टेजवर गाणारे हातात धरतात तसा) लावला, तोंडापासून चार बोटांवर धरला आणि त्याची पाठ खिडकीकडे केली. खडखड बरीच मागे गेली. श्रेय मी डायनॅमिकला दिलं आणि तसंच लेखात लिहिलं. खरं श्रेय अंतराचं होतं. अंतर निम्मं झालं की माइकात गाणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. फुटावरून तीन इंचांवर आलो म्हणजे १२ डेसिबल. खोलीचा घुमारा आणि मागाची खडखड आहे तेवढीच राहते. एकाच पॅटर्नचे, म्हणजे त्याच दिशांनी आवाज घेणारे दोन माइक तेवढ्याच अंतरावर ठेवले, तर दोघांत खोली जवळपास सारखीच येते. तुमचं म्हणणं बरोबर होतं.

इतक्या जवळून गायलं की आवाज खाली जड होतो, ‘प’ आणि ‘भ’ फुटतात. माइक किंचित तिरका धरायचा आणि ८० हर्ट्‌झखालचं कापून टाकायचं. पंखा बंदच हवा. मे महिन्यात ४२ अंशांत हे सांगताना मला वाईट वाटतं, पण एकेक कडवं घ्या आणि मध्ये पंखा लावा.

हेडफोनबद्दल मात्र मी ठाम आहे. माझी खोली दहा बाय दहा. अशा खोलीत ५६ हर्ट्‌झ आणि त्याची दुप्पट ११२, हे सूर दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये अडकून फुगतात. पहिलं भजन मी तिथे स्पीकरवर मिक्स केलं, पाठ भिंतीला टेकवून. डग्गा घुमघुम ऐकू यायचा, म्हणून कापत गेलो. ज्यांचं भजन होतं त्यांनी गाडीत लावलं, तर तबल्याची फक्त टिकटिक, डग्गा गायब. त्या बुवांचा चेहरा मला अजून आठवतो. साठीच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपला ठेका रेकॉर्ड करून घेतला होता आणि मी तो घालवला. त्यांना परत बोलावून हेडफोनवर पुन्हा मिक्स केलं.

हेडफोनमध्येही खोट आहे. डावं-उजवं अवास्तव रुंद वाटतं आणि रिव्हर्बचा (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचा) अंदाज चुकतो. म्हणून मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐकायचं, फोनच्या स्पीकरवर ऐकायचं, गाडीत ऐकायचं. पण ज्या पोराकडे एकच खोली आहे आणि तिथेच घरचे झोपतात, त्याला मॉनिटर, म्हणजे मिक्ससाठीचे खास स्पीकर घ्यायला सांगणं माझ्याने होणार नाही.

लेखातले चादर आणि कंडेन्सरचे परिच्छेद आज दुरुस्त केलेत. एक विनंती आहे. तबला-पेटीचं एखादं मिक्स फक्त मॉनिटरवर करून मला पाठवाल? मी ते हेडफोनवर आणि रिक्षातल्या स्पीकरवर ऐकेन आणि डग्गा कुठे किती ऐकू आला, ते इथेच लिहीन.