चोर झारखंडचा असला तरी तक्रार इथेच घ्यावी लागते

ग्रुपवर फिरतोय तो मेसेज तुम्हीपण वाचला असेल, की अमेरिकेसारखा आपल्याकडेही प्रत्येक राज्याचा सायबर कायदा वेगळा आहे, त्यामुळे चोर ज्या राज्यातला तिथेच जाऊन तक्रार करायची, आणि कडक कायदा फक्त दक्षिणेत, महाराष्ट्रात शिक्षाच नाही. प्लीज पुढे पाठवू नका, हे वाचून लोक घरी बसतात आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात.

अमेरिकेचं खरंय. फ्लोरिडाने 1978 मध्येच स्वतःचा कायदा केला, आज पन्नासही राज्यांचे आपापले आहेत, वर 1986 चा फेडरल म्हणजे केंद्राचा वेगळा. आपल्याकडे मात्र 2000 चा आयटी ॲक्ट, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, अख्ख्या देशाला एकच. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर कलम 66सी, मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवलं तर 66डी, दोन्हीला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड, गडचिरोलीत जेवढा तेवढाच चेन्नईत. शिवाय भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, फसवणुकीचं कलम 318(4) लागलं तर 7 वर्षांपर्यंत. मग महाराष्ट्रात शिक्षा नाही हे आलं कुठून?

आता हद्द. माझ्या मावशीला वीज तोडू म्हणून फोन आला आणि 48 हजार गेले, ती पासबुक हातात घेऊन पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसली आणि शेवटी ऐकलं काय, तर नंबर झारखंडचा दिसतोय, आमच्या हद्दीत येत नाही. हे चूक आहे, साफ चूक! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आणि कलम 202 प्रमाणे फोनवरून किंवा मेसेजवरून फसवलं असेल तर तो जिथून आला तिथे किंवा जिथे मिळाला तिथे, दोन्हीकडे खटला चालू शकतो. मावशीने फोन घेतला तो तिच्या स्वयंपाकघरात, म्हणजे हद्द इथलीच ना?

दक्षिणेचं म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे. तामिळनाडूने 2014 मध्ये त्यांच्या गुंडा कायद्यात सायबर गुन्हेगार घातले, कर्नाटकानेही तसंच केलं, त्यात खटल्याआधीच माणसाला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. पण ती शिक्षा नव्हे, आयटी ॲक्टखाली खटला चालणार तो याच कलमांवर.

खरा फरक पडतो तो पोलीस खात्यात, कारण ते राज्याचं. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्यानेच करायचा असं कलम 78 म्हणतं, मग ज्या ठाण्यात इन्स्पेक्टर बंदोबस्तातच अडकलेला तिथे फाइल पडून राहते. भांडायचं असेल तर यावर भांडा.

आणि पैसे गेल्या गेल्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात 173 आणि 202 हे दोन्ही आकडे लिहा, पोच घेतल्याशिवाय उठू नका.